दुखणे अंगावर काढू नकोस

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कर्करोगावरच्या केमोविषयीचा तुझा नवा लेख काल रात्री वाचला. परिचारिका हातमोजे घालून, तुझे नाव पुन्हा एकदा विचारून, ते लाल औषध हाताने सावकाश शिरेत सोडते आणि तू तिच्या अंगठ्याकडे पाहत राहतेस, हा परिच्छेद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. मात्र त्याच लेखात पुढे, केमोनंतरच्या अकराव्या रात्री अंगात १०१ ताप असताना तू गोळी घेऊन पहाटेपर्यंत लिहीत बसलीस असे आले, आणि ही गोष्ट आम्हाला इतर वाचकांबरोबरच कळली. फोनवर माझा आवाज चढला तो त्यामुळे.

तापाविषयी पुन्हा बोलायचे नाही असे ठरवून पत्र लिहायला घेतले होते. तरी एवढे सांगतो, की केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात, आणि तेव्हा संसर्ग झाला तरी बहुधा ना सूज दिसते ना पू. पुष्कळदा ताप हीच काय ती खूण असते. ती गोळीने पुसायची नसते. १००.४ फॅरनहाइट झाला की रुग्णालयाला फोन करायचा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. हे सारे तुला डॉक्टरांनी सांगितलेले आहे आणि तुला ते माझ्याहून अधिक कळते. तरी मी शिकवतोच आहे, राग मानू नकोस.

लिहिल्याशिवाय हे सोसवत नाही, असे तू म्हणालीस. ते मला पटते. लहानपणी गुडघ्याला टाके घालताना तू रडली नव्हतीस. सुई वाकडी का असते, असे डॉक्टरांना विचारत राहिलीस आणि घरी येताच ताईला त्या सुईचे चित्र काढून दाखवलेस. दाराबाहेर आईच रडत होती.

फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा एक स्तन १८११ साली पॅरिसमध्ये भूल न देता काढला गेला. युरोपात शस्त्रक्रियेसाठी भूल तेव्हा नव्हतीच. त्याचा वृत्तान्त तिने बहिणीला पत्रातून कळवला, पण तो लिहून पुरा व्हायला कित्येक महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य तिला झाले नाही. हे वाचताच मी आधी तिच्या मृत्यूचे साल शोधले. १८४०. तेव्हा कुठे पुढचे वाचण्याचा धीर झाला. तिने लिहिण्याची घाई केली नाही, हेही तुझ्या कानावर घालावेसे वाटले.

वाचक तुला धीराची म्हणतात. मलाही अभिमान वाटतो, चारचौघांत मी तो बोलूनही दाखवतो. पण धीराची म्हणवून घेण्यापायी तू दुखणे अंगावर काढशील, ही भीती मनातून जात नाही. आमच्यापाशी तुला धीर दाखवण्याची गरज नाही.

पुढच्या औषधाने बोटांना मुंग्या येतात, कधी ती बधिरही होतात, असे ऐकतो. लिहिणे जड झाले तर तू सांगत जा, मी उतरवून घेईन. आम्ही वाचू नये असे तुला वाटेल तेही उतरवून घेईन आणि त्यावर एक शब्दही विचारणार नाही. मात्र त्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत थर्मामीटरचा आकडा सकाळ-संध्याकाळ कळवत जा.

तुझे,
बाबा