पूजा माती मळण्यापासून सुरू होऊ द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण तोंडावर आला की इंदूरच्या कॉलन्यांत आणि मराठी मंडळांच्या सभागृहांत 'आपला गणपती आपणच घडवा' असे फलक लागतात. हेतू चांगला असतो, येणाऱ्यांची ओढही खरी असते. दिवसभर संगणकासमोर बसणारे, कोचिंगसाठी घर सोडून आलेले, नुकतेच निवृत्त झालेले, असे सगळ्या वयांचे लोक येतात. बोलायला लागले की बहुतेकांच्या तोंडी एकच गोष्ट येते: देवासमोर बसतो, पण मन लागत नाही. आणि कामातही लागत नाही. अशा माणसाच्या हाती दोन तासांच्या कार्यशाळेत मळून ठेवलेली माती, रबरी साचा आणि रंगाच्या डब्या दिल्या जातात. संध्याकाळी मूर्ती घरी जाते. तिसऱ्या दिवशी मानेला तडा जातो, चौथ्या दिवशी हात गळतो, आणि 'पुढच्या वर्षी विकतचीच आणू' असे ठरते. आम्ही मातीकाम शिकवणारे काही जण हे पत्र लिहीत आहोत, कारण सोयीसाठी जे टप्पे गाळले जातात त्यांतच त्या माणसाला हवे असलेले समाधान आहे, अशी आमची पक्की समजूत आहे.

पार्थिव पूजेचा, म्हणजे मातीचे शिवलिंग घडवून त्याच दिवशी पुजण्याचा आणि विसर्जित करण्याचा, विधी बारकाईने पाहावा. पार्थिव शिवलिंग करताना माती आणण्याच्या कृतीला 'हर' हे नाव जोडलेले आहे, ती मळून एकजीव करण्याला 'महेश्वर', आणि सर्वांत शेवटी विसर्जनाला 'महादेव'. आवाहन, स्नान, पूजन हे सगळे यांच्या मधे येते. म्हणजे भिजलेल्या मातीत हात घातला की पूजा सुरू झाली. आधी काम उरकून मग पूजेला बसायचे, अशी विभागणी या विधीत नाही.

आपल्या माळव्याला हे नवे नाही. इंदूरपासून सुमारे 90 किलोमीटरवर महेश्वरला अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेले लिंगार्चन आजही होते. मातीची लहान लहान लिंगे पाटावर ओळींनी मांडतात, त्यांची पूजा होते आणि ती नर्मदेत सोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. ज्या बाईंनी हे सुरू केले त्यांनीच महेश्वरात विणकर वसवले, माग चालू केले. 1767 ते 1795 या काळातला त्यांचा कारभार पाहिला तर देवपूजा कुठे संपते आणि लोकांचे काम कुठे सुरू होते, ही रेघ आखता येत नाही. अगदी अलीकडचे उदाहरण हवे तर आपल्या गिरण्यांचे घ्या. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. पगार थांबला, देणी वर्षानुवर्षे अडकली, तरी कामगारांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, थांबू दिल्या नाहीत.

आता प्रत्यक्ष कामाविषयी, कारण चुका इथेच होतात.

इंदूरभोवती सहज मिळते ती काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळताना तितकेच आक्रसते. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात त्याच मूर्तीलाही पडतात. म्हणून दहा दिवस बसणाऱ्या गणपतीला निव्वळ काळी माती घेऊ नये. पार्थिव लिंगाला मात्र ती उत्तम, कारण ते त्याच दिवशी घडते, पुजले जाते आणि विसर्जित होते. भेग पडायला वेळच मिळत नाही. गणपतीसाठी गुजरातेतून येणारी शाडूची भुकटी घ्यावी. ती कमी आक्रसते, पण वाळल्यावर ठिसूळ असते, म्हणून तिच्यात कापूस घालतात.

नऊ इंची मूर्तीला अडीच किलो कोरडी भुकटी पुरते. किलोमागे 300 ते 350 मिलिलिटर पाणी लागते. पाणी भुकटीवर शिंपडून, ओले कापड झाकून रात्रभर ठेवावे. घाईने भिजवलेल्या मातीत आत कोरड्या गुठळ्या राहतात आणि त्या नंतर पाणी ओढून आजूबाजूला तडे देतात. सकाळी 15 ते 20 ग्रॅम कापूस पिंजून, तंतू सुटे करून थोडा थोडा मिसळावा. एकदम टाकला तर गोळे होतात आणि तिथेच मूर्ती कच्ची राहते. मग मळणे. एवढ्या मातीला अर्धा तास लागतो, कमी नाही. तळहाताच्या टाचेने पुढे रेटायची, दुमडायची, वळवायची. अधूनमधून पाटावर आपटायची म्हणजे आत अडकलेली हवा निघते. माती पुरीच्या कणकेइतकी घट्ट हवी. तिची पेन्सिलएवढी जाड वळी करून बोटाभोवती वाकवावी. वळीला चिरा पडल्या तर पाणी कमी किंवा मळणी अपुरी. तळहाताला चिकटली तर पाणी जास्त.

या अर्ध्या तासात नामजप करावा. एका लयीत रेटताना नाम आपोआप त्या लयीत बसते, जुन्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या अशाच बसत होत्या. मन इकडेतिकडे गेले की हात मंदावतो, आणि ते लगेच कळते. आसनावर डोळे मिटून बसणाऱ्याला ही खूण मिळत नाही. एक मात्र सांगायला हवे. गोरोबाकाका माती तुडवताना नामात इतके रमले की पायाखाली आपले मूल आल्याचे त्यांना कळले नाही, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नाम घेताना मातीकडे दुर्लक्ष चालेल, असा तिचा अर्थ शिकणाऱ्याने काढू नये. संतांच्या मेळ्यात कोणते मडके कच्चे हे पाहायला त्याच गोरोबांनी कुंभाराचे थापटणे हाती घेतले होते. कामातली पारख आणि भक्तीतली पारख त्यांनी वेगळी ठेवली नाही.

घडवण्याला तीन संध्याकाळी लागतात. पहिल्या दिवशी फक्त बैठक आणि पोट. पाटावर थेट माती ठेवू नये, खाली वर्तमानपत्राचा कागद घालावा. माती आक्रसते, लाकूड आक्रसत नाही, आणि माती पाटाला चिकटून बसली तर तळाला आरपार चीर जाते. दुसऱ्या दिवशी, पोट डोक्याचा भार पेलण्याइतके घट्ट झाल्यावर, मस्तक आणि पाय. तिसऱ्या दिवशी सोंड, कान आणि हात. प्रत्येक जोडाच्या जागी दोन्ही बाजू काडीने खरवडायच्या, त्याच मातीचा दाट घोळ लावायचा, दाबून बसवायचे आणि बोटाने सांधा पुसून टाकायचा. जोडायचे दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. आदल्या दिवशीच्या सुकत आलेल्या खांद्याला ताजा ओला हात लावला तर तो वाळताना आक्रसून सुटतोच. म्हणून रात्री मूर्ती ओलसर कापडात गुंडाळून ठेवायची असते. आधाराला आत लोखंडी तार घालणे ही नेहमीची चूक. तार आक्रसत नाही, माती तिच्याभोवती आवळते आणि फुटते. शेवटी मूर्ती जरा घट्ट झाली की अलगद आडवी करून चमच्याने तळातून पोकळ करावी. भिंत दोन-अडीच सेंटिमीटर राहू द्यावी. भरीव पोट आतून ओलेच राहते आणि बाहेरचे कवच तडकते.

यापुढचे आठ ते दहा दिवस वाळवण्याचे. आमच्या मते सगळ्यांत मोलाचे दिवस हेच, आणि कार्यशाळांमध्ये यांचा उल्लेखही होत नाही. भाद्रपदाच्या आधीच्या दमट हवेत मूर्ती सावलीतच वाळते. पंख्याखाली ठेवली तर एक बाजू आधी सुकून मूर्ती वाकते, ओव्हनमध्ये ठेवली तर फुटते. रोज एकाच वेळी दहा मिनिटे द्यायची: मूर्ती पाव वळसा फिरवायची, कान आणि सोंडेचे टोक यांसारखे पातळ भाग ओल्या कापडाच्या चिंधीने झाकायचे म्हणजे ते जाड पोटाच्या आधी सुकणार नाहीत, आणि बारीक चीर दिसली तर तेव्हाच भरायची. ज्यांना 'पूजेला वेळ मिळत नाही' अशी खंत असते, त्यांना ही दहा मिनिटे मिळतात. कारण एक दिवस चुकला तर परिणाम डोळ्यांना दिसतो. हाच नित्यनेम. तो उपदेशाने लागत नाही, वाळत्या मूर्तीने लागतो. मूर्ती पूर्ण वाळली का हे पाहायला ती गालाला लावावी. आत ओल असेल तर गार लागते. गार लागत असेतो रंग लावू नये, नाहीतर पोपडे निघतात.

चीर पातळ मातीने भरू नये, ती वाळली की पुन्हा उघडते. वाळलेल्या मातीची भुकटी, डिंकाचे पाणी आणि कापसाचे चार तंतू यांचा घट्ट लगदा करून दाबावा. चिरेच्या कडा आधी किंचित ओल्या कराव्यात. आणि मूर्ती पार मोडलीच तर घाबरू नये. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच आहे, खंडित मूर्तीचा दोष तिला लागत नाही. तुकडे पूर्ण वाळू द्यावेत आणि मग पाण्यात टाकावेत. खडखडीत वाळलेली माती अर्ध्या ओल्या मातीपेक्षा लवकर विरघळते. घट्ट झाली की पुन्हा मळायला घ्यावी. ऑफिसातल्या कामात चूक झाली की ती दिवसेंदिवस मनात राहते. इथे चुकलेली माती त्याच आठवड्यात पुन्हा हाताशी येते, आणि हे एकदा अनुभवलेला माणूस दुसऱ्यांदा निर्धास्त बसतो.

रंग गेरू, हळद यांचे लावावेत. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, तो रंगही वापरता येतो. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, म्हणून मखर खिडकीपासून दूर हवे. ऑइल पेंट किंवा वॉर्निश लावले तर पाणी आत शिरत नाही आणि मूर्ती विरघळत नाही. न रंगवलेली किंवा गेरू-हळदीची मूर्ती बादलीत बुडेल एवढ्या पाण्यात ठेवली की काही तासांत विरघळून तळाशी बसते. ढवळायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी झाडांना घालावे, गाळ कापडावर पसरावा. तीन-चार दिवसांत माती पुन्हा हाती येते.

मंडळांना आमची सूचना अशी. दोन तासांची कार्यशाळा बंद करा आणि श्रावणाच्याच पंचांगाप्रमाणे बैठका ठेवा. इंदुरात एक अडचण नेहमी येते: हिंदीभाषक शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. श्रावणाचा शुक्ल पक्ष मात्र दोघांचा एकच, म्हणून एकत्र बैठका त्यात घ्याव्यात. पहिल्या सोमवारी काळ्या मातीची अंगठ्याएवढी पार्थिव लिंगे: मळणे शिकायला एवढे पुरते, आणि एका माणसाला पाव किलो माती बस्स. नागपंचमीला मातीचा नाग: वळी एकसारखी ओढायला हात बसतो, पुढे हीच वळी सोंड होते. दशमीच्या सुमारास पोळ्याचे बैल: चार पाय जोडताना सांधे शिकले जातात, आणि मोडले तरी पिठोरी अमावास्येपर्यंत दुसरी जोडी करायला वेळ असतो. नारळी पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांत गणपती सुरू करावा. तेव्हा चतुर्थीला 16-17 दिवस राहतात: तीन घडवायचे, दहा वाळवायचे, दोन रंगाचे, उरलेले अडीनडीला. चौदा वर्षांखालच्या मुलांना सहा इंची मूर्ती द्यावी, मोठे पोट त्यांच्या हातून नीट पोकळ होत नाही.

एका बैठकीला वीसपेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत. सांधे शिकवताना प्रत्येकाच्या हाताकडे पाहावे लागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे सावलीची, वारा लागणार नाही अशी कोरडी जागा बहुधा नसते. तेव्हा मंडळांनी आपली एक खोली त्या दहा दिवसांसाठी मोकळी ठेवावी आणि ती सकाळी सहा ते आठ व रात्री आठ ते दहा उघडी असावी, म्हणजे कामावर जाणाऱ्यालाही आपली मूर्ती फिरवायला येता येईल. शिकवायला आम्ही येऊ, त्याचे मानधन नको. खोलीची किल्ली कोणाकडे राहील, एवढे मंडळांनी आषाढातच ठरवावे.

आपले नम्र,
मातीकाम शिकवणारे काही इंदूरकर