चकचकीत कवडी बहुतेक जिवंतच पकडलेली असते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की मोबाईलवर "लक्ष्मी कवडी, ११ नगांचा सेट, ओरिजिनल, एकदम चमकदार" असल्या जाहिराती सुरू होतात. पूजेला कवडी ठेवण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आमच्या घरी पण तुळजापूरची माळ आहे, परडी आहे. पण ही कवडी येते कुठून हे कोणी लिहीतच नाही, बऱ्याच जणांना तर ती किनाऱ्यावर खड्यांसारखी पडलेली असते आणि कोणीतरी वेचून आणतं असंच वाटतं.

कवडी म्हणजे एका छोट्या समुद्री गोगलगायीचं कवच. शास्त्रीय नाव मोनेटारिया मोनेटा, लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये नोंदवलेली. मालदीव, लक्षद्वीप, अंदमान अशा प्रवाळाच्या उथळ पाण्यात दगडांखाली राहते, शेवाळ खाते. घरातली कवडी जरा उलटी करून बघा, खाली फट आणि दोन्ही बाजूंना दात. लहानपणी हे असं काहीच नसतं, साध्या गोगलगायीसारखं पातळ कवच असतं, मग कड आत वळते, जाड होते, दात येतात आणि तिथून पुढे लांबी वाढणं बंद. माळेतल्या कवडीची पाठ घासून भोक पाडलेलं असतं ना, त्यातून आतला पीळ दिसतो बघा.

आता मुद्दा चमकेचा. जिवंतपणी ती आपल्या अंगाची पातळ कातडी दोन्ही बाजूंनी कवचावर ओढून घेते, त्यामुळे वरचा थर चिनीमातीच्या कपासारखा गुळगुळीत राहतो. मेली की वाळू आणि लाटा तो थर घासून टाकतात, म्हणून किनाऱ्यावर आपोआप सापडलेली कवडी सहसा निस्तेज, ओरखडे पडलेली, नाहीतर आत शंखखेकडा बसलेला. मग पाकिटातल्या सगळ्या एकसारख्या चकचकीत कवड्या कशा मिळाल्या ते तुम्हीच समजा.

हे काही आजचं नाही म्हणा. १४ व्या शतकात इब्न बतुता हा मोरोक्कोचा प्रवासी मालदीवमध्ये काझी होता, त्याने लिहून ठेवलंय की कवड्या खड्ड्यात पुरतात, मांस कुजलं की पांढरं कवच उरतं, आणि बंगालचे लोक त्या बदल्यात तांदूळ देतात. १८ व्या शतकात सिल्हेटचा (आताच्या बांगलादेशातला) सारा कंपनी सरकार कवड्यांतच घ्यायचं, रुपयाला ५१२० कवड्या! आणि याच कवड्या युरोपियन व्यापाऱ्यांनी जहाजं भरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या देऊन माणसं गुलाम म्हणून विकत घेतली, हे तर आपल्याकडे फारसं कोणाला माहीतच नसतं.

माझं म्हणणं एवढंच की दरवर्षी नवा सेट कशाला? आजीची माळ तुटली असेल तर पटवेकऱ्याकडे द्या, तो मस्त गाठवून देतो. गावाकडे पोळ्याच्या बैलांच्या माळा पिढ्यानपिढ्या तशाच वापरतात, कवड्या खराब होत नाहीत. आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये गोंधळ बसवायचा असेल तर प्लास्टिकच्या कवड्या मिळतात, त्या बिनधास्त वापरा. तुमच्या दिवाळी पुरवणीत पूजासाहित्याची यादी येते तिथे जुनी कवडी चालते एवढी एक ओळ टाकलीत तरी पुष्कळ झालं.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर