पंचकाका, तुमचे आभार

आदरणीय पंचकाका,

आमच्या घरात तुमचं हेच नाव पडलंय, म्हणून तेच वापरतो.

परवा बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी संपली, सगळे बक्षीस समारंभाकडे पळाले आणि आमची लेक हरलेल्या पटासमोर बसून राहिली. तुम्ही समोर येऊन बसलात, तिची स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, मागून घेतलीत, मोहरी पुन्हा मांडलीत. “हां, बोला. घोडा इथे का नेलात?” अकरा वर्षांच्या मुलीला ‘नेलात’! ती पुटपुटली, “चुकलं.” तुम्ही म्हणालात, “ते दिसतंय मला. मनात काय होतं ते सांगा.” मग जी सुटली ती थांबेचना. काळ्या वजिराला कोंडीत पकडायचा तिचा बेत होता, हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

आधीच्या क्लासात प्रश्न विचारला की “पाठ कर” एवढंच उत्तर मिळायचं. वर्षाची फी आगाऊ घेऊन झाल्यावर तिथल्या सरांनी ऐकवलं, “मुली पुढे खेळ सोडतातच, मुलींच्या गटापुरती तयारी पुरे.” फी परत मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

तुम्ही मात्र तिला बुद्धिबळपटू रोहिणी खाडिलकरांबद्दल सांगितलंत. १९७६ मध्ये त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी महिलांना असं अडवता येणार नाही, असा निर्वाळा दिला. तेव्हा रोहिणीताई जेमतेम तेरा वर्षांच्या! पुढे १९८१ मध्ये आशियाई विजेतेपद, तेही एकही डाव न हरता. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी महिलांची राष्ट्रीय स्पर्धा किती वर्षं गाजवली! दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जलद डावांत, हरवून महिला विश्वचषक जिंकला, ते लेकीला तोंडपाठ आहे. खाडिलकर भगिनी मात्र आमच्याकडून सांगायच्या राहूनच गेल्या होत्या.

निकालाचे कागद तुमच्या काखेत तसेच होते, कुणीतरी दोनदा हाकही मारली. तुम्ही उठला नाहीत. लहान मुलांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं म्हणणं ऐकून घेणारे फार थोडे.

आता तिचा एक प्रश्न. उंट न देता हत्ती मधल्या पट्टीत आणला असता तर? मी म्हणतो, प्यादं जातं. ती म्हणते, “बाबा, तुम्हाला कळत नाही.” सवडीने कळवा.