इंग्लंडमधल्या प्रेस्टनहून आबांना

ती. आबा आणि सौ. आईस शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण, थंडी, नाइट ड्यूटी नेहमीचंच, ते लिहीत नाही. फोनवर माझ्या फुटबॉल खेळण्याचा विषय निघाला की आबा फोन आईच्या हातात देतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून हे कागदावर.

आई, गुडघ्याची पट्टी खरचटल्याची होती. चिखलात पाय घसरतो, बाकी काही नाही. वॉर्डात पेशंट उचलून कंबर याहून जास्त दुखते, ते बरं तुला चालतं. काळी पडशील म्हणतेस, पण त्यासाठी इथे ऊन तरी पडायला हवं! आणि पाळीत कशी खेळतेस, हे तू वहिनीकडून विचारवलंस. आमची हाफ पँट काळी आहे. इंग्लंडच्या टीमची पांढरी असायची. मुलींनी अडचण उघड बोलून दाखवली, तेव्हा २०२३ मध्ये त्यांना निळी मिळाली. पेपरात छापून आलं, कुणाची अब्रू गेली नाही.

आबा, खेळायचे किती देतात, असं तुम्ही दादाला विचारलंत म्हणे. हसू नका, इथे आपणच द्यायचे. आपल्याकडे कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल टीम बाहेरून खेळाडू पैसे मोजून आणतात, इथे दर मॅचला प्रत्येकीने पाच पौंड काढायचे. नव्वद मिनिटं बाकावर बसून गारठलात तरी पाच. गोल मारलात तरी पाच, काही सूट नाही. आमची गोलकीपर बिस्किटाचा जुना डबा घेऊन गेटवर उभी राहते, मॅच हरून रडवेल्या झालेल्या पोरीपुढेही तो खुळखुळवते, आणि विसरलात तर पुढच्या वेळी एक पौंड दंड. त्यातून मैदानाचं भाडं आणि रेफरीचे पैसे जातात. पहिल्यांदा मला वाटलं नवीन म्हणून मलाच लुबाडताहेत. नाही, सगळ्या देतात, वर डब्यात टाकताना ‘थँक यू’ म्हणतात. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

आता मुद्द्याचं. पिऊला शाळेच्या टीममध्ये घेताहेत आणि तुम्ही ‘हा बायकांचा खेळ नव्हे’ म्हणून नको म्हणालात. आबा, हे वाक्य या गावाच्या चांगलं ओळखीचं आहे. पहिल्या महायुद्धात इथल्या डिक, कर नावाच्या कारखान्यात बायका तोफगोळे बनवायच्या. त्यांनी टीम काढली आणि १९१७ च्या नाताळला डीपडेल स्टेडियमवर पहिली मोठी मॅच खेळल्या, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी. १९२० मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलला गुडिसन पार्कवर त्यांना बघायला ५३,००० माणसं आली. आपलं शाहू स्टेडियम तेवढ्यात किती वेळा भरेल, तुम्हीच हिशेब करा. पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठरवलं की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि क्लबांना त्यांना मैदान द्यायची बंदी घातली. मदतनिधीच्या हिशेबावरही संशय घेतला. गर्दी जमत होती म्हणून पोटात दुखलं, असं माझं मत. जवळजवळ पन्नास वर्षं ती बंदी टिकली. त्या मात्र खेळत राहिल्या, मिळेल त्या माळावर.

त्यातली लिली पार नावाची मुलगी शाळकरी वयात टीममध्ये आली आणि पुढे आमच्या जवळच्याच व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात नर्स झाली. म्हणजे ड्यूटी आणि खेळ दोन्ही जमतं, हे आईला सांगा. आता तिचा पुतळा मँचेस्टरच्या फुटबॉल म्युझियममध्ये आहे. २०२२ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला हरवून युरो कप जिंकला तेव्हा ८७,१९२ लोक होते.

म्हणून इथले पुरुष फार शहाणे झालेत असंही समजू नका. चांगलं मैदान आधी पुरुषांच्या टीमला, मग त्यांच्या दुसऱ्या टीमला, उरलेला अंधारा कोपरा आमचा. कडेला उभं राहून कोणीतरी ‘घरी जा’ ओरडतोच. आम्ही जात नाही.

मी सहावीत गेले तेव्हा तुम्ही मला मॅचला न्यायचं बंद केलंत. तिथे शिव्या असतात म्हणालात. शिव्या देणाऱ्यांना घरी बसवायचं सोडून मला बसवलंत. दादा मात्र जातच राहिला. रागाने लिहीत नाही. आपल्या गावच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये नेमबाजीत विश्वविजेत्या झाल्या तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. त्यांच्या घरच्यांनीही कधीतरी ‘जा’ म्हटलंच असेल ना? पिऊला जाऊ द्या. वहिनीने तिचा पाय कागदावर ठेवून माप काढून फोटो पाठवावा, बूट मी घेते.

पैशांचं: या वेळच्या रकमेत दहा हजार जास्त आहेत, ते पिऊचे, घराच्या हप्त्यात घालू नका. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे दादाने किती भरले ते तो सांगत नाही, तुम्ही कळवा. तिकीट काढून यायला काय झालं होतं, असं मावशी म्हणाली म्हणे. रजाच नव्हती. मावशीला म्हणावं, मी काही मजा मारत नव्हते. त्या दिवशी रात्रभर मोबाइल एप्रनच्या खिशात ठेवून ड्यूटी केली.

इचलकरंजीच्या स्थळाशी बोलले. मुलगा बरा वाटला, बोलतो नीट. लग्नानंतर ‘हे खेळणं वगैरे’ चालू ठेवणार का विचारलंन. मी म्हटलं, तुमचं रविवारचं क्रिकेट ठेवणार का? हसला, उत्तर दिलं नाही. मेमध्ये येते तेव्हा समोरासमोर विचारीन. तोवर पत्रिका जुळली म्हणून कोणाला शब्द देऊ नका, आणि नाहीही कळवू नका.

तुमची,
ताई

ता. क. आई ड्रॉप घालायला विसरते. रात्रीचे दादाने घालावेत.