‘निरंक’ अहवालांना जाब विचारा : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
तथा पालकमंत्री, सांगली जिल्हा

महोदय,

राज्यातल्या कॉलेजांचे खाते आणि सांगलीचे पालकमंत्रिपद ही दोन्ही तुमच्याकडे आहेत, म्हणून हे पत्र कुलगुरूंना किंवा पोलीस अधीक्षकांना न लिहिता थेट तुम्हाला लिहिते आहे. मी या जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत तक्रार समितीचे काम पाहते. स्टाफरूममध्ये तिला अजून सगळे विशाखा समितीच म्हणतात.

या समितीला दर वर्षी अहवाल द्यावा लागतो. तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, किती प्रलंबित आहेत. माझ्या ओळखीच्या बहुतेक सहकाऱ्यांच्या कॉलेजांतून तो ‘निरंक’, म्हणजे एकही तक्रार नाही असा, जातो. तसा गेला की कोणी काही विचारत नाही. कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला तो लागतो, संस्थाचालक समाधानी असतात, प्राचार्य निश्चिंत होतात. शेकडो मुली रोज ये-जा करतात आणि वर्षभरात एकीलाही काही सांगावेसे वाटले नाही, यावर तुमच्या खात्यात कोणाचा विश्वास बसतो का? माझा बसत नाही.

एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एस. वाय.ची विद्यार्थिनी, तालुक्याच्या गावाहून एसटीने येणारी. प्रॅक्टिकल संपल्यावर मैत्रिणीला घेऊन आली, पण दारातच थांबली. मोबाइल माझ्या हातात दिला तेव्हा स्क्रीनवर एकाच माणसाचे मेसेज होते, वेगवेगळ्या नंबरांवरून. एक ब्लॉक केला की दुसरा. शेवटच्या मेसेजमध्ये फोटो होता : थांब्यावर उभी असलेली ती स्वतः, पाठीमागून काढलेली, दप्तर एका खांद्यावर. खाली लिहिले होते, ‘आज गाडी लेट आहे वाटतं.’ ती रडत नव्हती. पहिले वाक्य बोलली ते असे : “मॅडम, घरी कळू देऊ नका. पप्पा कॉलेज बंद करतील.”

लेखी तक्रार द्यायला ती तयार झाली नाही. मामेबहिणीने असेच घरी सांगितले होते आणि दोन महिन्यांत तिचे लग्न लावून दिले, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. वर ‘लेखी नाही म्हणजे तक्रार नाही’ असे ठरले. ती हळूहळू फक्त परीक्षेपुरती येऊ लागली. त्या वर्षीचा अहवालही निरंकच गेला.

महोदय, कायदा असा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा स्पष्ट म्हणतो की तक्रार लेखी देता येत नसेल, तर ती लिहून काढायला समितीने मदत करायची. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५चे विनियम आणखी पुढे जातात. चौकशी सुरू असतानाच मुलीला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, समोरच्याला तिच्यापासून दूर राहण्याची ताकीद देता येते, तो शिक्षक असेल तर तिचे पेपर तपासण्यापासून त्याला बाजूला ठेवता येते. समितीवर विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधी हवेत, तेही निवडून आलेले. विभागप्रमुखांसारखे वरिष्ठ पदाधिकारी समितीवर नकोत, म्हणजे दबाव येणार नाही. समितीच नेमली नाही तर २०१३च्या कायद्यात पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये या समित्यांच्या दुरवस्थेबद्दल सरकारांना निर्देश दिले. एवढे सगळे असताना आमच्याकडच्या कितीतरी फलकांवर निवृत्त झालेल्या बाईंचे नाव आणि बंद पडलेला नंबर आहे. तक्रारपेटी असते ती प्राचार्यांच्या केबिनबाहेर, ऑफिसातल्या सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि किल्ली ऑफिसात. तिथे चिठ्ठी टाकायला कोणती मुलगी धजावेल?

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक शिक्षकांनाही माहीत नाही. आपल्या भागात अकरावी-बारावी आणि पदवीचे वर्ग एकाच इमारतीत भरतात. अकरावीची मुलगी अठराच्या आतली असते. तिच्याबाबतीत असे काही कळूनही पोलिसांना न सांगणे हा पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याखाली त्या शिक्षकाचा गुन्हा ठरतो. पदवीची मुलगी सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय घरी फोन करणे म्हणजे तिचा विश्वास मोडणे आहे. एकाच जिन्यावरून चढणाऱ्या दोन मुलींसाठी दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या आम्हाला कोणी नीट समजावून दिलेल्या नाहीत.

जागृतीचे कार्यक्रम होतात, नाही असे नाही. निर्भया पथकातल्या ताई येतात, मनापासून बोलतात, ११२ नंबर सांगतात, कराटेची प्रात्यक्षिके होतात. पण हॉलमध्ये बसवल्या जातात फक्त मुली. मुलांना त्या तासाला सुट्टी. मुलींना सांगायचे काय, तर फोटो टाकू नका, उशीर करू नका, एकट्या फिरू नका. मुलांना मात्र कोणी सांगत नाही की मुलीने नको म्हटल्यावरही तिच्या मागे जाणे, तिचा ऑनलाइन माग ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केला तर पाचपर्यंत. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. एकाने तास संपल्यावर विचारले, “मॅडम, नुसतं बघत थांबलं तरी?” त्याला खरेच माहीत नव्हते. अशा मुलाला वेळेवर सांगितले तर एक गुन्हा घडायचा टळतो, आणि त्याचेही आयुष्य वाचते. गुन्हे रोखायचे असतील तर सुरुवात त्या मागच्या बाकापासून व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

कॉलेजच्या फाटकाबाहेरचा विषय वेगळा आणि मोठा आहे. सांगलीतल्या विश्रामबागपासून मिरजेपर्यंतचा पट्टा शिकणाऱ्या मुलामुलींनी भरलेला असतो. संध्याकाळी साडेपाचला प्रॅक्टिकल सुटते आणि तासगाव, कवठेमहांकाळकडच्या आडगावच्या मुली गाडीसाठी धावतात. ती चुकली की थेट अंधार पडल्यावरची वस्तीची गाडी. मधला वेळ स्टँडवर काढायचा, आणि टवाळखोरांना ती वेळ आमच्यापेक्षा चांगली पाठ असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटला उभ्या शिवशाही बसमध्ये जिच्यावर अत्याचार झाला, ती तरुणी फलटणला निघाली होती. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात. तेव्हापासून आमच्याकडच्या पालकांनी मुलींना शेवटच्या प्रॅक्टिकलला बसू नको म्हणून सांगायला सुरुवात केली. गुण मुलींचे गेले.

२०२४ मध्ये तुमच्या खात्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. त्या निर्णयामुळे आमच्या भागातल्या कितीतरी घरांत मुलीला पुढे शिकवायचे धाडस झाले, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण फी माफ झालेली मुलगी थांब्यावरच्या एका माणसामुळे घरी बसली, तर सरकारचा पैसाही गेला आणि मुलगीही गेली.

म्हणून माझी पहिली मागणी अहवालाबद्दलची आहे. ज्या कॉलेजची पटसंख्या मोठी आणि तक्रारी सलग निरंक, त्याला उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाने लेखी खुलासा विचारावा. समितीवर मुली निवडून आल्या का, फलकावरचा नंबर लागतो का, मुलांसाठी किती सत्रे घेतली, हे कॉलेजला न कळवता येऊन पाहावे. तक्रार आलेल्या आणि ती ९० दिवसांत नीट हाताळलेल्या कॉलेजचे कौतुक व्हावे. आज उलटे घडते, तक्रार नोंदवली की कॉलेजचे नाव खराब झाले असे मानतात, म्हणून ती नोंदवलीच जाऊ नये अशी सगळ्यांची धडपड असते.

मुलगी समितीपुढे आली तर तिच्या घरच्यांशी कधी आणि कसे बोलायचे, याचे प्रशिक्षण समितीतल्या प्रत्येकीला मिळावे. हे काम नाजूक आहे. एक फोन चुकीच्या वेळी गेला की शिक्षण संपते.

आणि पालकमंत्री म्हणून : जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय पटलावर घ्या. एसटीचे विभाग नियंत्रक, पोलीस अधीक्षक आणि कॉलेजांचे प्राचार्य यांना एकत्र बसवा. सायंकाळच्या प्रॅक्टिकलची वेळ आणि गाड्यांचे वेळापत्रक जुळवणे एवढे एकच काम त्या बैठकीत झाले, तरी पुष्कळ मुली उजेडात घरी पोहोचतील. थांब्यांवर दिवे लावायला निधी लागेल, तो जिल्हा नियोजनातून द्या. बैठकीला विद्यार्थिनींच्या प्रतिनिधीही असाव्यात. कुठल्या थांब्यावर कधी कोण उभे असते, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही. ती यादी करून द्यायला माझ्या विद्यार्थिनी तयार आहेत.

आपली,
सांगली जिल्ह्यातील एक प्राध्यापिका