शीडवाल्या काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मुंबई बंदरातला यंदाचा हंगाम संपला. बोटी शेडमध्ये पालथ्या झाल्या, शिडं धुऊन-वाळवून गुंडाळली. तुमचे आभार चारचौघांत मानतोय, कारण तुम्ही शिकवलेलं नव्या मुलांच्याही कानावर पडायला हवं.

जोराच्या वाऱ्यात बोट ऐकेनाशी झाली की सगळे सुकाणूला दोष देतात. तुम्ही आधी शीड बघायला लावलंत. वारा 10 नॉटचा (ताशी समुद्री मैलांचा) 20 झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. लेझर या एकट्याने चालवायच्या छोट्या बोटीला जेमतेम 7 चौरस मीटरचं एकच शीड. ते सपाट करायचं: पुढची कड ताणणारी दोरी, कनिंगहॅम, करकचून खाली; खालची कड मागे ताणणारा आउटहॉल ताणलेला; शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, खाली ओढून धरणारी व्हँग घट्ट. कडक कापड हे ऐकतं. मऊ पडलेल्या कापडाचा फुगा मागे सरकतो, मागची कड आत वळते आणि बोट पुढे जायचं सोडून आडवी होते. म्हणूनच तुम्ही शीड विनाकारण फडफडू देत नव्हता. फडफडण्याने कापडावरचा कडकपणाचा लेप तुटतो आणि तो पुन्हा येत नाही.

मार्च ते मे दुपारी वायव्येचा वारा चढतो. त्यात ओहोटीचा ओढा उलटा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. पाण्यावर काळसर पट्टा सरकत येताना दिसला की वाऱ्याचा झोत पोचायच्या आत अंग बोटीच्या कडेबाहेर टाकायचं, शीड आत-बाहेर करायची दोरी, मेनशीट, हातभर सोडायची, बोट सावरली की परत ओढायची. वारा पाठीवर असताना व्हँग पार सैल सोडली तर बूम वर उचलतं, शिडाचा माथा पुढे वळतो आणि बोट वाऱ्याच्या बाजूला कलंडते. जाईब मारायची, म्हणजे पाठीवरच्या वाऱ्यात शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घ्यायचं, ती बोट सर्वांत वेगात असताना, कारण तेव्हाच शिडावरचा वारा कमी असतो. घाबरून वेग कमी केला की बूम दणक्यात येतं. आणि उथळ पाण्यात उलटून डोलकाठी गाळात रुतली, तर डॅगरबोर्डवर, म्हणजे बोटीच्या तळातून पाण्यात जाणाऱ्या फळीवर, उड्या मारायच्या नाहीत, काठी वाकते.

तो गाळ, मीठ, तेलाचा तवंग सगळं शिडावर चढतं. मीठ हवेतलं पाणी ओढून कापड ओलसर ठेवतं, आणि ओल्या घडीत बुरशी धरते. त्यामुळे रोज गोड्या पाण्याने धुणं आलंच. हंगामअखेरची धुलाई मात्र तुमच्यासारखी कोणी करत नाही. बॅटन, म्हणजे शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, काढून शीड गुळगुळीत, स्वच्छ फरशीवर पसरायचं. वाळलेला गाळ आधी नुसत्या पाण्याने भिजवून सोडवायचा. तसाच घासला तर कणांनी कापड ओरखडतं. मग कोमट पाणी, थोडा भांड्यांचा पातळ साबण, मऊ ब्रश. गरम पाणी, वॉशिंग मशीन, प्रेशर पंप, तिन्ही बंद.

तेलाचा डाग केरोसिनच्या फडक्याने टिपायचा आणि लगेच साबणाने धुवायचा. शिडातल्या पारदर्शक खिडकीच्या प्लॅस्टिकला केरोसिन लागू द्यायचं नाही. बुरशीला 1 भाग ब्लीच, 10 भाग पाणी, दहा-पंधरा मिनिटं, मग भरपूर पाणी. हे फक्त पांढऱ्या पॉलिएस्टरला. नायलॉनचा स्पिनेकर (पाठच्या वाऱ्यात लावायचं फुगीर शीड) आणि केव्हलार या मजबूत धाग्याचं कापड ब्लीचने कुजतात. शिडाच्या धातूच्या रिंगेभोवतीच्या गंजाला लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे घालून. ब्लीच आणि ॲसिड एकाच वेळी कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. बुरशीची फिकट छटा उरली तर उरू द्या, असं तुम्ही बजावायचात. डाग जाईपर्यंत घासणाऱ्याच्या हातून ब्रश काढून घ्यायचात, ते बरंच करायचात. आम्ही वापरतो त्या कितीतरी शिडांचा कडकपणा त्यामुळेच टिकला आहे.

वाळवणं सावलीत, वारा नसेल तिथे. नंतर गुंडाळी, खिडकीवर घडी न पडू देता. उंदीर पोचणार नाहीत अशी फळी तुम्ही दाखवली होती, तिथेच ठेवली आहेत.

कापडाच्या आधी ऊन दोरा खातं, म्हणून शिवणीही नखाने खरवडून तपासल्या. बॅटनच्या खिशाशी उसवलेली शिडं वेगळी काढून पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. उन्हाला टिकणारा पॉलिएस्टरचा दोरा आणून ठेवलाय. पाऊस लागायच्या आत सवडीने या.

आपली,
शेडमधली सगळी मंडळी