खाऱ्या पाण्याच्या टाकीत आधी पाणी मुरू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरात प्रवाळांची छोटी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवण्याची हौस शहरांत वाढत आहे. मात्र टाकी, मीठ आणि क्लाउनफिश (पट्टेदार छोटा सागरी मासा) एकाच दिवशी ग्राहकाच्या हाती देण्याची विक्रेत्यांची प्रथा माशांच्या जिवावर बेतते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया विषारी असतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे तुलनेने सौम्य नायट्रेट करतात. हे जीवाणू दगडांवर व वाळूत स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर आरओच्या पाण्यात सागरी मीठ मिसळून विशिष्ट घनता (गोड्या पाण्याच्या तुलनेत हे पाणी किती जड, याचे माप) 1.025च्या आसपास ठेवावी, जीवाणूंना खाद्य म्हणून अमोनियाचे थोडे थेंब घालावेत आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची चाचणी होईपर्यंत एकही मासा सोडू नये. मासा सोडून टाकी 'तयार' करण्याचा सल्ला मला क्रूर वाटतो.

छोट्या टाकीत बाष्पीभवनाने क्षारता झपाट्याने वाढते. घटलेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करावी, कारण मीठ उडून जात नाही.

खडक बांधणारी प्रवाळे आणि समुद्रघोडे यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, याची जाणीव अनेक ग्राहकांना नसते. क्लाउनफिशची पैदास आता आपल्या देशातही होते. तेव्हा मासा समुद्रातला की पैदास केंद्रातला, हे दुकानदारांनी पाटीवर लिहावे आणि मत्स्यव्यवसाय विभागाने तशी सक्ती करावी, ही विनंती.

— एक वाचक, ठाणे